दोन फेऱ्यांची बाई

चष्म्यांच्या दुकानामागच्या खोलीत धाकटी काचा घासायला बसायची. खोली आपली नावाला खोली. एक टेबल, एक घासायचं यंत्र, पाण्याचा नळ आणि एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. पुढे दुकानात मालक गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचे आणि मागे धाकटी त्या नंबरची काच फ्रेमच्या मापाने घासून बसवून द्यायची. काच जरा जास्त घासली गेली की फ्रेममध्ये खुळखुळते, कमी घासली गेली की बसवताना तडकते. धाकटीच्या हातून यातलं काहीच होत नसे.

ही काचा घासणारी बाई देशाचा पोशाख घालून परदेशात सायकलच्या शर्यती मारते, हे निम्म्या गिऱ्हाइकांना थाप वाटायचं. उरलेल्या निम्म्यांना वाटायचं, असेल बुवा, पण मग ही इथे काय करते? मालकांचं दुखणं वेगळंच होतं. "तुझी शर्यत मिनिटभरसुद्धा चालत नाही," ते म्हणायचे, "आणि सुट्टी मागतेस आठवडाभराची. मी डोळे मिटून उघडतो, तेवढ्यात तू आलेली पाहिजेस." धाकटी हसायची आणि सुट्टी मिळायची. मालक तोंडाने फटकळ होते, पण शर्यतीचं कात्रण दुकानाच्या आरशाला त्यांनीच चिकटवलं होतं.

तिला धाकटी म्हणत, कारण थोरली होती. आई शहरातल्या सायकलच्या बंदिस्त मैदानात झाडलोटीला जायची. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून दोघी पोरी आईच्या मागोमाग तिथे. लाकडी फळ्यांचा तो अंडाकृती ट्रॅक, वळणांवर भिंतीसारखा उभा. आई वरच्या खुर्च्यांखालचा कचरा काढायची आणि या दोघी खाली आतल्या मोकळ्या जागेत बसून सायकलवाल्यांचे पाय मोजायच्या. एक दिवस कोणीतरी थट्टेने थोरलीला एका जुन्या सायकलवर बसवलं. त्या सायकलींना ब्रेक नसतो. चाक फिरतं तोवर पायही फिरतात, थांबायचं मनात आलं तरी थांबता येत नाही. थोरली पूर्ण फेरी मारून आली, ती रडत होती आणि खाली उतरायला तयार नव्हती. मग धाकटीलाही बसवावं लागलं, नाहीतर तिने मैदान डोक्यावर घेतलं असतं.

पुढे त्या दोघींची जोडी झाली. बायकांची ही सांघिक दौड तेव्हा दोघींचीच असायची. दोघी जणी, दोन फेऱ्या. पहिलीने जीव खाऊन सुटायचं, दुसरीने तिच्या मागच्या चाकाला चिकटून, तिच्या पाठीआड वारा चुकवत जायचं. एक फेरी झाली की रेषेपाशी पहिलीने वरच्या अंगाला बाजूला व्हायचं आणि दुसरीने खालून पुढे निसटून दुसरी फेरी एकटीने मारायची. दुसरीचं चाक रेषेला लागलं की घड्याळ बंद. शेवटच्या क्षणी दुसरी हात ताठ करून सायकल पुढे फेकते, कारण चाक बोटभर आधी पोचलं तर तेवढ्यावरही निकाल फिरतो.

पहिली कोण व्हायचं यावर वाद झालाच नाही. जी जन्माला आधी आली ती इथेही पुढे. "मेहनत माझी आणि फोटो हिचा," थोरली सगळ्यांना सांगत फिरायची. खरंच होतं ते. फोटोवाले रेषेवर उभे राहतात आणि तोवर थोरली पलीकडच्या वळणावर धापा टाकत असायची. बक्षीस घेताना मात्र ती धाकटीला कोपराने ढोसून पुढे उभी राहायची.

अशी किती वर्षं गेली. पाठीआडची फेरी, मग स्वतःची फेरी, मग रेषा, मग सायकल फेकायची आणि संपलं. ते धाकटीच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की झोपेतही तिचे हात ताठ व्हायचे, असं थोरली म्हणायची. एकाच खोलीत झोपत असल्यामुळे तिला माहीत असणार.

मग नियम बदलला. बायकांनीही आता तिघींनी तीन फेऱ्या मारायच्या. थोरली खूश झाली. म्हणाली, चला, ओझं वाहायला तिसरी मिळाली. तिसरीचा शोध सुरू झाला आणि त्याच सुमारास थोरलीच्या अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले. पडल्याचे असतील म्हणून दोघींनी दुर्लक्ष केलं. सायकलवाल्या बायकांच्या अंगावर डाग नसले तरच नवल. डाग रक्ताच्या दुखण्याचे निघाले. तीन फेऱ्यांची एकही शर्यत न मारता थोरली गेली.

धाकटी रडली नाही. भेटायला आलेल्यांना तिनेच चहा दिला, तिनेच खुर्च्या मांडल्या आणि तिनेच उचलल्या. थोड्याच दिवसांत ती दुकानाच्या मागच्या खोलीत हजर झाली. सगळे म्हणाले, किती खंबीर आहे. लोकांना खंबीर माणूस फार आवडतं. त्याच्यासाठी काही करावं लागत नाही.

खरं म्हणजे तिला काही वाटतच नव्हतं. दुःख दाबून ठेवलंय, आतल्या आत जळतेय, असलं काही नाही. नुसतं बधिर. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं. चहाने जीभ पोळली ते तिला दुसऱ्या दिवशी जिभेची साल निघाली तेव्हा कळलं. एकदा यंत्रावर बोट कापलं, तर काचेवर लाल कसलं म्हणून ती आधी काचच पुसत बसली. मालकांनी ते पाहिलं, बोटाला पट्टी बांधली आणि त्या दिवसापासून सुट्टीबद्दल बोलायचं सोडून दिलं.

सायकल मात्र तिने सोडली नाही. सोडायची तर तसं काहीतरी वाटावं लागतं. मॅडमनी, म्हणजे त्यांना शिकवणाऱ्या बाईंनी, नवा संघ बांधला. पहिल्या जागेवर ठिणगी. ती मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारायच्या सायकलींतून आलेली, सुटताना अशी उसळायची की बघणारा दचकावा. शेवटच्या जागेवर एक लांब तंगड्यांची, अबोल मुलगी. सदानकदा सगळ्यांच्या मागे, म्हणून तिचं नाव शेपटी पडलं. आणि मधल्या जागेवर धाकटी. या मुली तिला ताई म्हणायच्या. आयुष्यभर धाकटी म्हणून वाढलेल्या बाईला एकाएकी ताई व्हावं लागलं, पण तिला त्याचंही काही वाटलं नाही.

मधलीचं काम तसं सोपं. पहिली फेरी पाठीआड, दुसरी फेरी स्वतः पुढे, आणि रेषा आली की वर सरकून वाट मोकळी करायची. खालून शेपटी निघून जाणार, तिसरी फेरी तिची. फक्त हा बदल रेषेच्या आसपासच्या आखून दिलेल्या पट्ट्यातच व्हायला हवा. त्याच्या अलीकडे सरकलं तरी बाद, पलीकडे सरकलं तरी बाद. सरावात धाकटी एकदाही चुकली नाही. ठिणगी कधी लवकर सरकायची, शेपटी कधी मागे पडायची, पण धाकटीचं चाक रोज त्याच फळीवर वळायचं. मॅडम म्हणायच्या, हिच्यावर घड्याळ लावून घ्यावं.

त्या मोसमातली शेवटची शर्यत अशी होती की जिंकणारा संघ मोठ्या खेळांना जाणार आणि हरणारा घरी. मोठे खेळ चार वर्षांतून एकदा. धाकटीचं वय आणखी चार वर्षं वाट पाहण्याचं नव्हतं. ठिणगी लहान होती, तिला पुढे वेळ होता. खरा जीव टांगणीला लागला होता तो शेपटीचा. तिने या एका गोष्टीसाठी नर्सिंगचं शिक्षण मध्येच थांबवलं होतं. घरच्यांनी कबूल केलं होतं ते एवढंच की हे साधलं तर ठीक, नाहीतर सायकल बंद आणि परत कॉलेज. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. एकदा बसमध्ये धाकटीला सांगितलं, कारण धाकटी पुढे काही विचारत नाही हे तिला माहीत होतं.

"मला फक्त एकदा जायचंय, ताई," ती म्हणाली होती. "हरलो तरी चालेल तिथे. पण जायचंय."

"जाशील," धाकटी म्हणाली होती. तिला स्वतःसाठी काही हवंसं वाटत नव्हतं, पण हे पोरीला मिळावं, एवढं तिच्या डोक्यात पक्कं होतं. वाटणं नव्हे, डोक्यात पक्कं. दुकानातल्या उद्याच्या कामासारखं.

शर्यतीच्या सकाळी ठिणगीचं हेल्मेट पायऱ्यांवरून गडगडत खाली गेलं आणि त्याला चीर पडली. चीर पडलेलं हेल्मेट तपासणीत चालत नाही. मिस्त्री, म्हणजे त्यांच्या सायकली बघणारा माणूस, सगळ्या पेट्या उपसून बसला. जी होती ती ठिणगीच्या डोक्याला एकतर डुगडुगत होती नाहीतर आवळत होती. ठिणगी रडकुंडीला आली.

"माझ्याकडे एक आहे," धाकटी म्हणाली.

तिच्या पिशवीच्या तळाशी थोरलीचं हेल्मेट होतं. पिवळं, मागच्या बाजूला खरचटलेलं. कुठल्या तरी जुन्या शर्यतीत थोरली वळणावर घसरली होती, त्याची खूण. आठवण म्हणून जवळ बाळगलं होतं, असं कोणाला वाटेल. तसं काही नव्हतं. पिशवीतून काढायचं राहून गेलं होतं, इतकंच. पाना द्यावा तसं तिने ते मिस्त्रीच्या हातात दिलं. मिस्त्रीने ते ओळखलं आणि तो घुटमळला.

"तुला चालेल ना?" मॅडमनी विचारलं.

"न चालायला काय झालं? डोक्यात बसल्याशी मतलब."

हेल्मेट ठिणगीला बरोबर बसलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पुन्हा तेच, किती खंबीर बाई. मॅडमनाही वाटलं की बरं झालं, निभावलं. त्यांची तरी काय चूक? जिला काही होत नाही असं सगळेच धरून चाललेले असतात, तिच्या बाबतीत शंका कोण काढणार?

तिघी रेषेवर उभ्या राहिल्या. ठिणगीचं मागचं चाक यंत्राने धरलेलं, धाकटीला आणि शेपटीला मागून माणसांनी धरलेलं. ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला दुसरा संघ. धाकटीने मान वर केली आणि समोर पिवळं हेल्मेट होतं, खरचटलेली बाजू तिच्याकडे.

सुटल्याचा आवाज झाला. ठिणगी उसळली, आणि धाकटी तिच्या मागे. पहिल्या वळणावर त्या पिवळ्या रंगावर तिची नजर खिळली आणि हळूहळू तिच्या अंगात जीव आला. मांड्या दुखायला लागल्या. छातीत जाळ झाला. हाताखाली फळ्यांची थरथर लागली. इतक्या दिवसांत तिला काही दुखलं नव्हतं, आणि आता सगळं एकदम दुखत होतं, आणि तिला आनंद झाला. खराखुरा आनंद. समोर थोरली होती. थोरली पुढे असली की काळजी नसते, फक्त चाकाला चिकटून राहायचं. पुढच्या रेषेला पिवळं हेल्मेट वर सरकलं, नेहमीसारखं, आणि धाकटी खालून निसटली. आता तिची फेरी. ती अशी सुटली की मैदानातले लोक उठून उभे राहिले. पलीकडचा संघ मागे पडत होता. शेवटचं वळण, सरळ पट्टा, रेषा. धाकटीने हात ताठ केले आणि सायकल पुढे फेकली.

संपलं, तिला वाटलं. जिंकलो आपण.

तिच्या मागे शेपटी होती. धाकटी वर सरकलीच नाही. उलट सायकल फेकून पाय सैल सोडल्यामुळे ती ट्रॅकच्या आतल्या कडेला आखलेल्या काळ्या रेषेवरच मंदावली. शेपटीच्या सायकलला ब्रेक नाही. पुढे वाट नाही. ती ओरडली, आणि ते ओरडणं ऐकून धाकटीला कळलं की आपल्या मागे कोणीतरी आहे.

शेपटी कशीबशी बाहेरून गेली. नियमाने खालून जायचं असतं आणि ठरल्या पट्ट्यात जायचं असतं. दोन्ही चुकलं होतं. पंचांनी निकाल द्यायला वेळ घेतला नाही. संघ बाद, दुसरा संघ मोठ्या खेळांना.

मॅडम धावत आल्या. "काय झालं? चेन सुटली का? पेडलमधून पाय निघाला का?" त्यांना काहीतरी कारण हवं होतं, आणि त्यांनी तिच्यापुढे दोनतीन ठेवलीही. धाकटीने मान हलवली. ठिणगी हुंदके देत होती, तिला वाटत होतं आपणच काहीतरी केलं. मिस्त्री सायकलचा सांगाडा चाचपत बसला, जणू दोष तिथे सापडेल. धाकटी परत बधिर झाली होती. मघाचं सगळं दुखणं कुणीतरी बटण दाबून बंद करावं तसं गेलं होतं. पोरीचं नुकसान झालं हे तिला कळत होतं. कळत होतं, इतकंच.

कपडे बदलायच्या खोलीत ती आणि शेपटी दोघीच होत्या. भिंतीला लावलेली दोन बाकं, मध्ये ओली फरशी, कोपऱ्यात टॉवेलांचा ढीग. शेपटी समोरच्या बाकावर बसून मनगटावरची चिकटपट्टी सोलत होती. पट्टी केव्हाच निघाली होती, तरी ती सोलतच होती.

धाकटीचा फोन वाजला. घरून आईचा. धाकटीची बोटं बुटाच्या पट्ट्यात अडकली होती, म्हणून तिने फोन बाकावर ठेवून तसाच सुरू केला. आईचा आवाज खोलीभर झाला.

"पाहिली गं मी तुमची शर्यत," आई म्हणाली. "वर्षभरात टीव्ही लावला नव्हता मी यासाठी. आज म्हटलं, लावू. छान गेलात. आलात ना पहिल्या?"

शेपटीचे हात थांबले.

"आई..."

"तू रेषेवर सायकल फेकलीस ना, ते पाहिलं आणि बंद केला टीव्ही. पुढचं ते भाषणबिषण कोण बघत बसणार? किती छान वाटलं म्हणून सांगू. ती पुढे, तू मागे. अगदी तीच दिसत होती."

"आई, तीन फेऱ्या असतात आता."

"तीन?"

"हो. तिघींच्या तीन."

आई म्हणजे आयुष्यभर त्या मैदानातल्या खुर्च्यांखालचा कचरा काढलेली बाई. या शर्यतीत किती फेऱ्या असतात हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

"मग तू का थांबलीस?"

"मला वाटलं, संपली."

"मलाही तसंच वाटलं," आई म्हणाली. मग तिने हळूच विचारलं, "मग तिसरी फेरी राहिली का गं तशीच?"

ते धाकटीला माहीत नव्हतं. तिने मागे वळून पाहिलंच नव्हतं. शेपटी ओरडली, बाहेरून गेली, एवढ्यावर तिचं पाहणं थांबलं होतं. तेवढ्यात शेपटी उठली, ओल्या फरशीवरून अनवाणी आली आणि बाकावरचा फोन तिने उचलला.

"राहिली नाही, काकू. मी मारली," ती म्हणाली. "मी शेवटी असते. शेपटी म्हणतात मला. ताई समोर आली तेव्हा मी पार वर चढले, कठड्याला खांदा घासला माझा. बाद झालो हे मला तिथेच कळलं होतं. पण वरून खाली उतार असतो ना, तुम्हाला माहीत आहे. त्या उतारावरून मी अशी आले, काकू, की तितक्या जोरात मी आजवर कधी आले नव्हते. समोर कोणी नाही, मागे कोणी नाही..."

तिचा आवाज फुटत होता, पण ती थांबत नव्हती. पलीकडे आई हं, हं करत होती. शेपटी मोठ्या खेळांना जाणार नव्हती. ती परत कॉलेजात जाणार होती, आणि ही फेरी तिची शेवटची होती, आणि ती कोणाच्याही खात्यात धरली जाणार नव्हती. हे धाकटीला आता नुसतं कळलं नाही. वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की तिला बाकाची कड धरावी लागली. आणि त्याच्या मागोमाग, वाट मोकळी झाल्यासारखी, थोरली गेल्याचं वाईट वाटायला लागलं. थोरली गेली होती. पुढे कोणी नव्हतं. एका पायात बूट, एक पाय उघडा, अशी ती बाकावर ओणवी होऊन मोठमोठ्याने रडायला लागली.

शेपटीने एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हातात फोन धरून ती बोलत राहिली, कारण अजून अर्धी फेरी सांगायची बाकी होती.